माशांच्या खाद्यात फिशमीलऐवजी काय घालायचं? कोकणातल्या मत्स्यपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शास्त्री नदीच्या खाडीकाठी आमचं दीड एकराचं तळं आहे. कधी व्हेनामी कोळंबी, कधी जिताडा मासा, आणि घरामागच्या शेततळ्यात रोहू-कटला. खाद्याचे प्रयोग करत असतो हे कळल्यापासून डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो: कोकणात प्रथिनाला तोटा नाही. ते वाळवणं आणि वाळलेलं टिकवणं हे खरं दुखणं आहे. खालची बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतील.

फिशमील म्हणजे नक्की काय, आणि त्याला पर्याय शोधायची वेळ का आली?

ओली मासळी उकडायची, दाबून तिच्यातलं पाणी आणि तेल काढायचं, उरलेला चोथा वाळवून दळायचा. ही पूड म्हणजे फिशमील. चांगल्या मालात ६० ते ७० टक्के प्रथिन असतं. माशाला लागणारी दहाही अत्यावश्यक अमिनो आम्लं त्यात योग्य प्रमाणात मिळतात, शिवाय फॉस्फरस, थोडी ओमेगा-३ चरबी आणि मासा तुटून पडेल असा वास. पर्याय शोधायचा म्हणजे हे सगळं वेगवेगळ्या पोत्यांतून गोळा करायचं.

जगात वर्षाला साधारण ५० लाख टन फिशमील तयार होतं आणि आकडा वर्षानुवर्षं तिथेच घुटमळतोय, कारण समुद्रातली छोटी मासळी काही वाढत नाही. मत्स्यपालन मात्र वाढतच चाललंय. सगळ्यांत मोठा पुरवठा पेरू देशातल्या अँचोव्हेटा नावाच्या माशाचा. एल निनो आला, समुद्र तापला की तो मासा खोल जातो. २०२३ मध्ये पेरूने मुख्य पट्ट्यातला पहिला हंगामच रद्द केला आणि जगभर फिशमीलचे भाव चढले. तिकडे समुद्र तापला की इकडे आपलं पोतं महागतं.

नॉर्वेवाल्यांनी हे आधी ओळखलं. १९९० च्या सुमारास त्यांच्या सॅमनच्या खाद्यात ६५ टक्के फिशमील असायचं, २०२० पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास आलं. बाकीची जागा मुख्यतः सोयाच्या प्रथिनाने घेतली.

आमच्या बंदरावर तारली मातीमोल भावाने पडते. ती फुकटात मिळत असताना पर्याय कशाला?

हा प्रश्न मिरकरवाड्याहून येतो, हर्णैहूनही येतो. हिशोब करून बघा. एक किलो फिशमीलला सुमारे साडेचार किलो ओली मासळी लागते. व्हेनामीला एक किलो वाढायला साधारण १.४ किलो खाद्य लागतं. त्यात २० टक्के फिशमील धरलं तर २८० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलो ओली मासळी. सव्वा किलो तारली देऊन एक किलो कोळंबी, हा सौदा एक वेळ चालेल. पण जिताड्याला किंवा चिंबोरीला थेट ओली मासळी कापून घालता तेव्हा एक किलो वाढीला पाच ते आठ किलो जाते. त्यातलं तीन चतुर्थांश तर पाणीच असतं, तरी समुद्रातून मासळी तेवढी निघालीच ना!

शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तुमचा मासा काही ते दोन महिने उपास धरत नाही. मग बर्फ, फ्रीजर, विजेचं बिल. आणि कुटीला (सुकवून पूड करायला) जाणाऱ्या मासळीत बोटभर बांगडे, नखाएवढी पापलेटं किती असतात ते टोपली पालथी करून बघा. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला तो याचसाठी. आज जे पिल्लू आपण जिताड्याच्या तोंडात घालतो ते दोन वर्षांनी आपल्याच भावाच्या जाळ्यात यायचं असतं.

कोणत्या माशाला किती प्रथिन लागतं?

तोंडपाठ करावं असं: रोहू-कटला २५ ते ३०, पंगस तेवढंच, तिलापिया २८ ते ३२, व्हेनामी ३२ ते ३८, वाघ्या कोळंबी ३८ ते ४२, जिताडा ४० ते ५० टक्के. पिल्लांना सगळ्यांनाच जास्त. जादा प्रथिन घातलं म्हणून मासा जादा वाढत नाही. उरलेलं अमोनिया होऊन पाण्यात येतं आणि सकाळी मासे तोंड वर काढून बसतात.

यावरून एक सरळ गोष्ट कळते. रोहू, तिलापिया, पंगसवाल्यांनी फिशमीलची चिंता फारशी करूच नये, त्यांचं वनस्पतीवर भागतं. अडचण आहे ती कोळंबी, जिताडा, मोडुसा (कोबिया) आणि चिंबोरीवाल्यांची. कालवं-शिणाणेवाल्यांनी, म्हणजे शिंपल्यांची शेती करणाऱ्यांनी, हे पान वाचायचीही गरज नाही. त्यांचं जनावर पाणी गाळून पोट भरतं.

सोयाची डीओसी किती टक्क्यांपर्यंत चालते?

सगळ्यांत भरवशाचा पर्याय आजही हाच. तेल काढलेल्या सोया पेंडीत, म्हणजेच डीओसीत, ४४ ते ४८ टक्के प्रथिन. आपल्याकडे ती लातूरकडून घाट उतरून येते, त्यामुळे भावात भाडं धरा. भाव कधी कुठे जाईल याचाही नेम नाही. २०२१ मध्ये तो इतका भडकला की केंद्राला १२ लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली.

कार्प (रोहू-कटलासारखे मासे) आणि तिलापियाच्या खाद्यात ४०-५० टक्क्यांपर्यंत डीओसी सहज खपते. व्हेनामीला २५-३० पर्यंत मी स्वतः दिलेली आहे. जिताडा मात्र नाक मुरडतो. सोयात मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी, टॉरिन नाहीच, आणि फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो. तो माशाला मिळत नाही, विष्ठेतून तळ्यात पडतो आणि पाणी हिरवंगार होतं. म्हणून खाद्यात हे आम्ल फोडणारं फायटेज विकर आणि वरून मेथिओनिन घालतात. कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. त्यातला ट्रिप्सिन रोधक माशाचं पचन बंद पाडतो, तो फक्त उष्णतेनेच मरतो. ‘आमच्या गुरांना चालतं’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. गुरांच्या पोटाला चार कप्पे असतात.

शेंगदाणा पेंड, सरकी, मोहरी?

शेंगदाणा पेंड रोहूची आवडती. प्रथिन ४० ते ४५ टक्के, वास छान. पण लायसीन हे अमिनो आम्ल कमी आणि बुरशी हिचा जन्माचा शत्रू. एका वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी एका व्यापाऱ्याकडून सहा पोती स्वस्तात उचलली. पोतं वरून कोरडं होतं. हात कोपरापर्यंत आत घातला तर आतली पेंड कोमट लागली. ओल्या गोठ्यासारखा वास, आणि ढेकळं फोडली की आत पिवळट-हिरवी भुकटी. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. ‘वरचं काढून टाकू, खालचं चांगलं असेल’ असं म्हणून दोन पोती वापरली. चौथ्या दिवशी चेक ट्रे (खाद्य तपासायची ताटली) जसा खाली सोडला तसाच वर आला, पेंड जागची हलली नव्हती. महिनाभराने जाळं टाकलं तेव्हा रोहू जेवढे होते तेवढेच, आणि कापल्यावर काळीज फिकट. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही, उकळूनही जात नाही. खाद्याच्या कच्च्या मालात २० पीपीबी (अब्जात २० भाग) ही साधारण मर्यादा धरतात, आणि ती ओलांडायला कोकणातला एक दमट पंधरवडा पुरतो. उरलेली चार पोती खड्ड्यात पुरली.

सरकी पेंडीत गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य असतं, थोडीच घालावी. मोहरीची पेंड बंगालकडे सर्रास चालते, आपल्याकडे येईपर्यंत महाग पडते. घाण्यावरची नारळाची पेंड रत्नागिरी-सिंधुदुर्गात हाताशी असते, पण प्रथिन २० टक्क्यांच्या आसपासच, आणि खवट लवकर होते. कुळथाबद्दलही विचारतात. कुळीथ माणसांनी खावा, पिठी करून. फणसाच्या आठळ्या म्हणजे पिष्ट. प्रथिनासाठी नाही, पण दळून गोळी बांधायला उत्तम.

घरी खाद्य करायचं तर प्रमाण कसं काढायचं?

दोन वस्तूंचं गणित वहीच्या पानावर होतं. समजा रोहूसाठी २८ टक्क्यांचं खाद्य हवंय. हाताशी भाताचा कोंडा (१२ टक्के) आणि सोया डीओसी (४६ टक्के). डीओसीतून २८ वजा करा: १८. हे कोंड्याचे भाग. २८ मधून कोंड्याचे १२ वजा करा: १६. हे डीओसीचे भाग. एकूण ३४ भाग. म्हणजे १०० किलोत कोंडा ५३ किलो, डीओसी ४७ किलो. ताळा करून बघा, बरोबर २८ येतात.

हे झालं नुसत्या प्रथिनाचं. वर १-२ टक्के खनिज-जीवनसत्त्व मिश्रण घाला. कोंडा तेल न काढलेला असेल तर महिन्याच्या आत संपवा. आणि कोळंबीचं खाद्य घरी करायच्या फंदात पडू नका असं माझं मत आहे. कोळंबी गोळी पायांत धरून कुरतडत खाते. ती गोळी पाण्यात निदान दोन तास फुटता कामा नये, आणि घरच्या शेवेच्या सोऱ्यातून तशी गोळी पडत नाही. मी दोन हंगाम प्रयत्न करून सोडून दिला.

काळ्या सैनिक माशीबद्दल खूप ऐकतोय. कोकणात जमेल का?

जमेल, पण बाराही महिने सारखं नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो म्हणून थोडं सविस्तर. (आधी भाषेचा घोळ: फोनवर ‘माशांना माशांच्या अळ्या घालतो’ म्हटलं की समोरचा दोनदा विचारतो, कुणाला काय घालता?)

ही घरात घोंघावणारी माशी नव्हे. लांबट, काळी, गांधीलमाशीसारखी दिसते, चावत नाही. प्रौढ माशी खातच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे अन्नावर बसून रोग पसरवायचा प्रश्न येत नाही. आठवडाभर जगते, एका वेळी पाचशे ते नऊशे अंडी घालते आणि मरते. अंडी चार दिवसांत फुटतात. अळ्यांना ओला कचरा द्या: हॉटेलातलं उष्टं, भाजीबाजारातला पाला, आंब्याच्या हंगामात डागी आंबे. पंधरा-अठरा दिवसांत अळी भातापेक्षा लहान होती ती बोटाच्या पेराएवढी होते. वाळवून दळल्यावर ४० ते ४५ टक्के प्रथिन मिळतं, चरबी मात्र २५ ते ३५ टक्के. तेल काढलं तर प्रथिन ५० च्या वर जातं. युरोपीय संघाने २०१७ पासून पाळीव माशांच्या खाद्यात किड्यांचं प्रथिन वापरायला परवानगी दिलेली आहे, तेव्हा हा काही यूट्यूबवरचा भंपकपणा नाही.

आता कोकणचं बघू. पहिली गोष्ट, माशीचं मीलन लख्ख उन्हात होतं. जूनच्या मध्यापासून ढग उतरले की जाळीतल्या माश्या नुसत्या बसून राहतात आणि अंडी घटतात. मोठे कारखाने दिवे लावतात. मी साधे एलईडी लावून बघितले, फारसा उपयोग झाला नाही. म्हणून मे महिन्यातच अंड्यांचा साठा वाढवून ठेवतो आणि पावसाळ्यात नुसतं जिवंत ठेवण्यापुरतं चालवतो. दुसरी गोष्ट, ट्रेमध्ये पाणी जमलं की अळ्या बाहेर पडतात. एका रात्री पागोळी नेमकी ट्रेवर पडत होती. सकाळी उठलो तर पडवीभर अळ्या, आणि कोंबड्यांची दिवाळी. तिसरी गोष्ट वाळवण. दहा किलो जिवंत अळ्यांमधून तीन-साडेतीन किलो सुकं निघतं. मार्चमध्ये ती सुकटीसारखी खळ्यावर दोन दिवसांत खडखडीत होते, ऑगस्टमध्ये चुलीवर भाजावी लागते.

म्हणून लहान शेतकऱ्याने वाळवायच्या मागे लागूच नये. जिवंत अळ्या थेट तिलापियाला, जिताड्याच्या पिल्लांना, कोंबड्यांना घाला. पाण्यात पडल्या की वळवळतात आणि मासा झेप घेतो. सुकं खाद्य करायचं तर फिशमीलपैकी चौथा हिस्सा अळ्यांनी बदला, त्यापुढे जपून. अळीत ओमेगा-३ जवळजवळ नसतं. मासळीबाजारातला कचरा खाऊ घातला तर थोडं उतरतं. आणि औद्योगिक वसाहतीतला कसलाही गाळ खाऊ घालू नका, अळी कॅडमियमसारखे जड धातू अंगात साठवते.

कोळंबी सोलायच्या शेडमधून डोकी-सालं मोप मिळतात. ती चालतील?

कोळंबीच्या वजनातले जवळपास निम्मे डोक्यात आणि सालात जातात, त्यामुळे माल खरोखरच मोप असतो. उकडून, वाळवून, दळून माशांच्या खाद्यात घाला. ५ टक्के घातलं तरी वासाने मासा खेचला जातो. म्हाकुलाची पूडही हेच काम करते. वनस्पतीचं खाद्य बेचव लागतं तेव्हा हा मसाला.

पण कच्ची डोकी कोळंबीच्या तळ्यात कधीही टाकू नका. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू कच्च्या मालातून सरळ येतो. १९९४-९५ मध्ये त्याने देशातली तळी कशी ओस पाडली ते जुन्या लोकांना विचारा. चिंबोरीचंही तेच, तीही हा विषाणू बाळगते.

मासळीच्या आतड्या-डोक्यांचं सायलेज कसं करायचं?

सायलेज म्हणजे आम्लात मुरवून पातळ केलेला मासळीचा कचरा. माझ्या मते कोकणासाठी सगळ्यांत सोयीचा उद्योग हाच, आणि सगळ्यांत कमी लोक करतात. कारण सोपं आहे: याला वाळवावं लागत नाही.

बाजारातून डोकी, आतडी, कल्ले आणा, त्याच दिवशीची. मिक्सरवाल्याकडून किंवा खिमायंत्रातून बारीक करून घ्या. प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरा. लोखंडी पिंप नको, आम्ल ते खातं. १०० किलोला साधारण ३ किलो फॉर्मिक आम्ल घालून लाकडी दांड्याने ढवळा. हातमोजे आणि चष्मा हवाच, फॉर्मिकने हात भाजतो. दिवसातून दोनदा ढवळत राहा. सामू (पीएच) ४ च्या खाली आला की कुजवणारे जिवाणू थांबतात आणि आतड्यांतली विकरंच मांस विरघळवायला लागतात. आपल्या उकाड्यात चार-पाच दिवसांत ड्रममध्ये तपकिरी पातळ रस्सा दिसतो, तळाशी थोडी हाडं. वास येतो, पण कुजल्याचा नाही. लोणच्याच्या बरणीत सुका बोंबील बुडवला तर जसा येईल तसा. सडका वास आला तर सामू वर गेलाय, आणखी आम्ल घाला.

आम्ल नको असेल तर गूळ किंवा मळी १० टक्के आणि विरजणाला आंबट ताक घालून आंबवताही येतं. त्याला आठवडा-दहा दिवस लागतात आणि झाकण घट्ट हवं. मला आम्लाचं जास्त खात्रीचं वाटतं.

झाकून ठेवलं तर महिनोन्‌महिने टिकतं, बाहेर कितीही पाऊस पडू दे. वापरायच्या दिवशी कोंडा आणि डीओसीत कालवून लाडू करा आणि ताटलीतून रोहू-पंगसला द्या. ओलं देणार असाल तर त्याच दिवशी संपवा. सायलेजमध्ये पाणी भरपूर असल्याने प्रथिन १५ टक्क्यांच्या आसपासच दिसतं, पण पचायला ते हलकं.

कोंबडीच्या दुकानातला कचरा थेट टाकला तर?

नको. पाणी कुजतं, शेजारी तक्रार करतात, आणि थाई मांगूरवाल्यांनी हेच करून नाव घालवलं. तो मासा पाळायलाच आपल्या देशात बंदी आहे. कारखान्यात शिजवून, चरबी काढून केलेलं पोल्ट्री मील ही वेगळी वस्तू. प्रथिन ५५ ते ६५ टक्के, जिताड्यालाही मानवतं, फिशमीलपेक्षा स्वस्त. पिसांच्या पुडीवर ‘८० टक्के प्रथिन’ लिहिलेलं असतं ते खरंच असतं, पण ते केराटिन, केसा-नखांतलं असतं तेच. दाबाखाली वाफवलेलं नसेल तर मासा ते जसंच्या तसं बाहेर टाकतो.

अझोला?

अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं. १०० किलो ओला अझोला वाळवला की सहा-सात किलो उरतो, त्यात दीड किलो प्रथिन. बाकी पाणी. गवत्या माशाला आणि गुरांना ताजा घाला, छान आहे. त्यावर कोळंबी वाढवणाऱ्यांचे व्हिडिओ मीही बघितलेत.

इथेनॉल कारखान्यांतून निघणारं डीडीजीएस स्वस्त मिळतंय. घ्यावं का?

डीडीजीएस म्हणजे धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला सुका चोथा. तांदळाचं असेल तर प्रथिन ४५ टक्क्यांपर्यंत असतं आणि सोयापेक्षा बरंच स्वस्त. मक्याचं ३० च्या आत. दोन गोष्टी बघा. रंग सोनेरी-पिवळा हवा. करपून तपकिरी झालेल्यातलं लायसीन गेलेलं असतं. आणि धान्यातलं पिष्ट दारू होऊन निघून गेलं की बुरशीचं विष साधारण तिपटीने घट्ट होतं. म्हणून तपासणीचा कागद मागा. तो देत नसेल त्याच्याकडून मी घेत नाही. कार्पला १०-१५ टक्के घालून सुरुवात करा.

शैवाल, यीस्ट, जिवाणूंचं प्रथिन?

स्पिरुलिनात ६० ते ७० टक्के प्रथिन आहे, पण भाव बघता रंगीत माशांच्या खाद्यातच परवडतं, तिथे ते रंग खुलवतं. बिअर कारखान्याचं सुकं यीस्ट ४० टक्क्यांच्या वर जातं, २-३ टक्के घालायला बरं. मिथेन वायूवर वाढवलेल्या जिवाणूंच्या पुडीत ७० टक्क्यांपर्यंत प्रथिन असतं आणि तिला शेत लागत नाही, समुद्र लागत नाही. मोठ्या खाद्य कंपन्या ती घ्यायला लागतील तेव्हा आपल्या पोत्यात आपोआप येईल. आपण घरी करण्यासारखं नाही.

जिताडा तारलीशिवाय तोंड लावत नाही. गोळीवर कसा आणायचा?

मोठा झालेला आणणं जवळजवळ अशक्य. पेण-अलिबागकडे घरच्या तळ्यात जिवंत तिलापिया खाऊन वाढलेला जिताडा (साहेबांना भेट द्यायचा तो) गोळीकडे ढुंकूनही बघत नाही. मी अर्धा किलोचे चारशे नग गोळीवर आणायला गेलो होतो. संध्याकाळी तरंगती गोळी फेकली की खालून सावली यायची, पाणी फुटायचं, गोळी तोंडात जायची आणि पुढच्या क्षणाला फुर्रकन बाहेर. आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवसापासून एकमेकांच्या शेपट्या तुटलेल्या दिसायला लागल्या. मी गपचूप तारलीवर परत आलो.

पिल्लं दोन-तीन इंचांची असतानाच शिकवायचं. आधी तारलीचा बारीक खिमा. मग खिम्यात खाद्याची पूड चौथा हिस्सा, तीन दिवसांनी अर्धी, मग पाऊण. पंधरा दिवसांत पिल्लं सुक्या गोळीवर येतात. रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात, थोडं थोडं टाका. जिताडा पडणारी वस्तू पकडतो, तळाला गेलेली उचलत नाही. आणि दर चार-पाच दिवसांनी आकार निवडून वेगळे करा, नाहीतर मोठा लहानाला खातो आणि तुमचं पर्यायी प्रथिन तेच ठरतं.

सोयावर वाढलेल्या माशाची चव बिघडते का? गिऱ्हाईक ओळखतं.

गिऱ्हाईक ओळखतं तो चिखलाचा वास, आणि तो सोयाचा नसतो. पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शैवालातून आणि काही जिवाणूंमुळे जिओस्मिन नावाचं द्रव्य माशाच्या चरबीत शिरतं. विकायच्या आधी चार-पाच दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला की वास बराच उतरतो. चरबी मात्र खाद्यानुसार खरोखर बदलते. वनस्पती तेलावर वाढलेल्या माशात ईपीए, डीएचए ही ओमेगा-३ चरबी कमी होते. शेवटचे काही आठवडे माशाचं तेल असलेलं खाद्य दिलं तर बरंचसं भरून येतं. आमच्या काकूंच्या मते मात्र तळ्यातला मासा तो तळ्यातलाच, कोकमाच्या आगळात कितीही मुरवा. त्यांच्याशी कोण वाद घालणार!

पावसाळ्यात खाद्य टिकवायचं कसं?

जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, पोत्यांच्या थप्प्या सहाच्या वर नाहीत. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. घरचा उपाय: कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर पेंडीचे खडे आणि भाजलेलं मीठ घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर माल ओला. जूनमध्ये चार महिन्यांची बेगमी भरायची सवय आपल्याला आहे, पण ती तांदळाला ठीक. खाद्य तीन आठवड्यांचंच आणा.

भेसळ कशी ओळखायची?

फिशमील ग्लासभर पाण्यात ढवळा. वाळू लगेच तळाला बसते, बोटाने चोळली की कळते. मीठ चाखून समजतं. युरियाची भेसळ मात्र अशी कळत नाही, आणि ती मुद्दाम केली जाते, कारण प्रयोगशाळा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते आणि त्यालाच प्रथिन म्हणते. युरियाचा नायट्रोजनही त्यात मोजला जातो. म्हणून मोठी खरेदी असेल तर ‘खरं प्रथिन’ वेगळं तपासून मागा. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. तिथे जाऊन विचारायला लाजू नका.

सरकारी मदत मिळते का?

२०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत खाद्यगिरणीचाही समावेश होता. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. अर्ज करायच्या आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात सध्या काय चालू आहे ते बघा. बचत गटाच्या महिलांनी सायलेज आणि अळ्यांसाठी एकत्र यायला हरकत नाही, गिरणीचा पसारा मोठा असतो.

मग तुम्ही स्वतः सध्या काय घालता?

व्हेनामीला कंपनीचंच खाद्य, फिशमील कमी असलेलं. एफसीआर (एक किलो वाढीला लागणारं खाद्य) १.४ च्या आत राहिला तर मी पोत्यामागे काय लिहिलंय ते फार बघत नाही. जिताड्याच्या पिल्लांना सकाळी गोळी, संध्याकाळी मूठभर जिवंत अळ्या. शेततळ्यातल्या रोहूला कोंडा, डीओसी आणि सायलेजचे लाडू. शेंगदाणा पेंड दिवाळीनंतरच. सायलेजचा ड्रम आधी पडवीत होता. गणपतीला पाहुणे यायच्या आदल्या दिवशी घरच्यांनी तो गोठ्यात नेऊन ठेवला, आणि आता तिथेच आहे.